आठवडाभरापुरती उपराष्ट्राध्यक्ष

पाच वाजता कॉन्कॉर्डचं निवडणूक कार्यालय बंद होणार होतं, घड्याळात दोन वाजून गेले होते आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार एमरी ग्रिनेल यांना अजून उपराष्ट्राध्यक्षपदासाठी जोडीदार मिळाला नव्हता. त्यांच्या प्रचाराचं काम डेल्फिनच्या घरूनच चाले. फॉर्मवरच्या त्या रकान्यात तिच्या आठ महिन्यांच्या मुलीनं, मॅबेलनं, कुस्करलेल्या वाटाण्यांचा पंजा उमटवला होता. बाकी रकाना कोरा.

हा फॉर्म गेला नाही तर त्याला जोडलेल्या तीन हजार सह्या वाया जाणार होत्या. त्या सगळ्या डेल्फिननं गोळा केल्या होत्या, फेब्रुवारीपासून दर शनिवारी, गावोगावच्या कचरा डेपोवर उभं राहून. न्यू हॅम्पशरचा माणूस एक वेळ चर्च चुकवेल, पण आपला कचरा स्वतः नेऊन टाकायला चुकत नाही. पोटाशी बांधलेली मॅबेल, हातात कागद अडकवलेली फळी आणि डोक्यात सतत एकच: हिला वारा तर लागत नाहीये ना?

एमरी मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक करून विकायचे. सरकारनं कुणाला काही सांगू नये, एवढाच त्यांचा जाहीरनामा. मोठ्या माणसांना गाडीत पट्टा लावायची सक्ती या राज्यात नाही, म्हणून ते अभिमानानं लावत नसत.

"तुम्हीच सांगा ना एखादं नाव," डेल्फिन म्हणाली.

"मी सांगणं म्हणजे लादणं झालं, पोरी. ज्याला यायचं तो येईल."

"मग पक्षाच्या समितीचं मत घ्या."

"घेतलं की. सातही जण तटस्थ राहिले. बहुमतानं दुसऱ्याचं ठरवणं त्यांना पटत नाही."

डेल्फिननं मधमाश्या पाळणाऱ्या वेंडेलना फोन लावला. ते सकाळपासून तयार होते.

"नाव घाल माझं. पत्ता नको."

"पत्त्याशिवाय फॉर्म घेत नाहीत हो."

"मी कुठं राहतो हे सरकारला कशाला हवंय?"

"अहो, निवडून आलात तर सरकार तुम्हीच असाल!"

पलीकडे माश्यांचा गुंजारव ऐकू आला. "मग तर मुळीच नको," वेंडेल म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दाताच्या डॉक्टर प्रूडन्स स्वतः आल्या. नाव, पत्ता, जन्मगाव, सगळं सांगितलं. मग विचारलं, "सही कुणासमोर करायची?"

"कार्यालयातल्या नोटरीसमोर."

"त्याला परवाना कोण देतं?"

"राज्य," डेल्फिन दबक्या आवाजात म्हणाली.

प्रूडन्सबाईंनी पर्स खांद्याला लावली. "मला परवाना ही कल्पनाच मान्य नाही."

"पण दवाखान्यात तुमचाही टांगलाय की भिंतीवर!"

"म्हणून तर त्याचा जाच ठाऊक आहे मला." जाताना त्यांनी मॅबेलच्या एकुलत्या एका दाताचं तेवढं कौतुक केलं.

तीन वाजले. फॉर्मवर अट होती: वय पस्तीसच्या वर, जन्म याच देशातला. डेल्फिन एकोणतीसची. तिनं स्वयंपाकघराच्या दाराशी पाहिलं. तिथं तिच्या सासूबाई, बर्निस, उभ्या होत्या. एकतीस वर्षं शाळेचा भटारखाना सांभाळून निवृत्त झालेल्या. मॅबेल झाल्यापासून त्या रोज यायच्या आणि दिवसाला चाळीस सूचना द्यायच्या. टोपी घाल. खिडकी लाव. चमचा उकळलास का?

"आई, आठवडाभरापुरतं तुमचं नाव घालू का? खरा माणूस मिळाला की बदलू."

"कोरा रकाना मला बघवतच नाही," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा लावून तिन्ही पानं अक्षर न् अक्षर वाचायला बसल्या. डेल्फिन घड्याळाकडे बघत नखं खात होती. "नखं खाऊ नकोस," त्या मान वर न करता म्हणाल्या.

निघायला पावणेचार झाले. एमरी गाडी सुरू करणार, तेवढ्यात बर्निस म्हणाल्या, "पट्टा."

"बाई, ही सक्ती झाली."

"सक्ती कसली? नाही लावलात तर मी उतरते. तुमची मर्जी."

एमरींनी विचार केला. खट्, असा आवाज झाला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना शिक्का बसला. "नाव नंतर बदलता येतं ना?" डेल्फिननं खिडकीतल्या बाईंना विचारलं.

"येतं. ज्याचं नाव, त्यानं स्वतः येऊन माघार घ्यायची."

आठवड्यानं नॅशुआ गावचे एक निवृत्त वैमानिक तयार झाले. पत्ता द्यायला तयार, नोटरीला तयार. डेल्फिननं आनंदानं बातमी सांगितली, तेव्हा सासूबाई निळ्या कोटाला इस्त्री करत होत्या.

"माघार? मी सही केलीय. सही केलेलं काम मी अर्धवट टाकत नाही."

डेल्फिन धावत एमरींकडे गेली. "तुम्ही सांगा ना त्यांना!"

एमरींनी कपाळाला हात लावला. "त्यांच्यावर जबरदस्ती कशी करू? तत्त्वात बसत नाही आपल्या."

पहिल्या सभेत बर्निसबाईंनी समितीच्या सातही जणांना खुर्च्या सरळ ओळीत लावायला लावल्या. कुणीही तटस्थ राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच डेल्फिनला सांगणारं कुणी नव्हतं. तिनं मॅबेलला बिनटोपीची झोपवली, खिडकी हवेला चारेक बोटं उघडी ठेवली, गार झालेली कॉफी तशीच हातात घेतली आणि रेडिओ लावला.

"बर्निसबाई," निवेदक विचारत होता, "तुमचा पक्ष तर म्हणतो, सरकारनं लोकांना काही सांगू नये."

"सरकारनं नाहीच सांगायचं," सासूबाईंचा आवाज आला. "मी सांगतेय ना. ज्यांच्या घरी तान्हं मूल झोपलंय, त्यांनी आधी उठून खिडकी लावायची. वारा सुटलाय."

रेडिओवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग एमरींचं ओळखीचं खोकणं आणि पाठोपाठ स्टुडिओची खिडकी बंद झाल्याचा.

डेल्फिननं तो उभ्यानंच ऐकला. तिचा हात केव्हाच खिडकीच्या कडीवर गेला होता.