फिन्टनचं उभं बोट

कालव फोडताना सुरी सटकली आणि फिन्टन गिल्मार्टिनच्या तर्जनीत घुसली. स्लायगो जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बोटाला पट्टी लावून ते सरळसोट बांधून टाकलं आणि बजावलं, "पंधरा दिवस वाकवायचं नाही!"

गाडीत बसून स्टिअरिंग धरल्यावर घोटाळा त्याच्या ध्यानात आला. बोट खांबासारखं उभं! या जिल्ह्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हाच रामराम. ज्याच्याशी वाकडं आहे, त्याला मात्र उचलायचं नाही. आणि फिन्टनचं वाकडं अर्ध्या जिल्ह्याशी होतं.

"हात जरा खाली धर की," बायको ऊना म्हणाली.

"खाली धरून वळणं घेऊ? थेट बंदरात जाऊ का?"

पहिला फटका लगेच बसला. कौन्सिलच्या निवडणुकीचे उमेदवार डेक्लन फीनी समोरून गेले. त्यांच्या नावाने बोटं मोडणं हा फिन्टनचा पबमधला आवडता उद्योग. आता तेच बोट त्यांना सलाम ठोकून मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर फाटकावर फीनींच्या माणसांनी लावलेला त्यांचा हसरा फोटो, आणि खाली शेजारी हसतायत.

"काय रे फिन्टन, पक्ष बदललास म्हणे!"

हे एक वेळ चाललं असतं. पण त्याच दुपारी अरुंद गल्लीत समोरून थोरला भाऊ मॅलकी आला. मॅलकीने वडिलांची होडी न विचारता विकली, तेव्हापासून दोघांत अबोला. घरं समोरासमोर, पण चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसत. फिन्टनने घाबरून हात खाली ओढला. गाडी कुंपणात घुसली, बोट मात्र काचेआड ताठ उभंच. मॅलकी क्षणभर थांबला आणि निघून गेला.

संध्याकाळी तो दारात हजर, हातात सफरचंदाचा टार्ट.

"आत येऊ का रे?"

फिन्टनने हात पाठीमागे लपवला. ऊनाने चहा ठेवला. दुसऱ्या घोटालाच मॅलकीचा आवाज चिरकला. "ती होडी विकायला नको होती रे. तू बोट उचललंस म्हणून यायचं धाडस झालं."

गप्प बसलं तर भाऊ परत मिळत होता, खरं सांगितलं तर पुन्हा गेलाच. पण त्या रडवेल्या तोंडाकडे बघून फिन्टनला खोटं बोलवेना. त्याने हात पुढे केला.

"मॅलकी, मी उचललं नव्हतं. हे बांधलंय."

मॅलकीने शांतपणे टार्टचा घास संपवला.

"माहितेय. नर्सबाईंनी पोस्टात सांगितलं, पोस्टमनने मला. तू घरी पोचायच्या आधीच कळलं होतं."

"मग आलास कशाला, गाढवा?"

"पंधरा दिवसांनी पट्टी सुटणार. मग तू थोडंच बोट उचलणार होतास? म्हटलं, हे निमित्त तरी साधावं."

डाव्या हाताने फिन्टनने टार्टचा भलामोठा तुकडा कसाबसा कापला आणि भावाच्या बशीत ठेवला.