घरच्यांनी नोंद घ्यावी

माझ्या सासऱ्यांच्या घरात गुपचूप शिरणं कुणालाच जमत नाही. मी तर जावई. फाटकाची कडी वाजते न वाजते तोच ओसरीवरून खणखणीत आवाज येतो, ‘‘नांदेडहून आलेले जावईबापू घरात दाखल होत आहेत. घरच्यांनी नोंद घ्यावी!’’ समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवतात. चपला काढेपर्यंत माझे कान तापलेले असतात.

आम्ही त्यांना मामा म्हणतो. अहमदपूरच्या बसस्थानकावर त्यांनी सगळी नोकरी माइकसमोर काढली. निवृत्तीच्या दिवशी माइक तिथंच राहिला, आवाज तेवढा घरी आला. ‘‘वरण-भात फलाटावर लागलेला हाय.’’ ‘‘दूधवाला आज अर्धा तास उशिरानं धावायलाय.’’ नात झाल्यावर तर त्यांच्या उत्साहाला ऊतच आला. ‘‘छोट्या बाईसाहेबांनी दुपटं ओलं केलेलं हाय, संबंधितांनी ताबडतोब यावं!’’ संबंधित म्हणजे माझ्या सासूबाई. त्या बिचाऱ्या तव्यावरची भाकरी टाकून धावायच्या.

वैशाली, म्हणजे माझी बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी नांदेडात एका कॉलेजात कारकून. दर शनिवारी एसटीनं यायचो बायकोला भेटायला आणि बसायचो मात्र मामांशेजारी, टीव्हीसमोर. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा-शेपाची धुरी आणि सासूबाईंचा पहारा. मी पाणी प्यायला उठलो तरी पाठीमागून घोषणा व्हायची, ‘‘जावईबापू आतल्या खोलीकडं निघालेले आहेत!’’ हा माणूस मुद्दाम माझी फजिती करतो, असं मला वाटायचं. मी मनातल्या मनात चडफडायचो.

त्या दिवसांत टीव्हीवर हिंदीत एक रिॲलिटी शो लागायचा. नुकतंच मूल झालेली जोडपी त्यात असत. दोघांत पुन्हा पहिल्यासारखं प्रेम यावं म्हणून त्यांना समुद्रकाठच्या हॉटेलात ठेवलेलं. गुलाबाच्या पाकळ्या, मेणबत्त्या, डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना केक भरवणं. बाई दीड महिन्याची बाळंतीण, पण पोट पाठीला टेकलेलं. परीक्षक रुमालानं डोळे टिपायचे. मामा इमानदारीनं बघायचे आणि दर भागाला टीव्हीलाच विचारायचे, ‘‘ते समदं ठीक हाय. पर लेकरू कुणापाशी हाय?’’

टीव्ही उत्तर द्यायचा नाही. मग मामा माझ्याकडं वळायचे.

‘‘असेल कुणीतरी सांभाळायला, मामा.’’

‘‘अन् ही बाई झोपती कवा?’’

जोडपं फारच जवळ आलं, की मामा स्वतःच उठून टीव्हीच्या पुढ्यात उभे राहायचे. ‘‘तांत्रिक अडचणीमुळं कार्यक्रम थोडा वेळ थांबलेला हाय.’’ सोमवारी ऑफिसात मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. लोक हसून लोटपोट व्हायचे.

हसत होतो खरा, पण तो शो मीच सगळ्यांत मनापासून बघत होतो. ते लिहितानाही लाज वाटते. एका भागात नवऱ्यानं बायकोला लाल गाऊन दिला, ती तो घालून आली आणि दोघं गळ्यात पडून रडले. मी नांदेडात दुकानं पालथी घालून तसाच गाऊन शोधला. लग्नाच्या वेळच्या मापाचा.

रविवारी दुपारी सासूबाई दळण आणायला गेल्या. मामा ओसरीवर शोचा जुना भाग बघत होते. त्यांनी माझी घोषणा केलीच, तरी मी पिशवी घेऊन आत गेलो. वैशालीच्या कानांना फडकं बांधलेलं, डोळ्यांखाली काळं, ब्लाउज दुधानं ओला.

‘‘घालून तर दाखव एकदा,’’ मी म्हटलं.

तिनं नाही म्हटलं नाही. उभी राहून घालायला लागली. गाऊन दंडातच अडकला.

‘‘त्या टीव्हीवालीलाही दीडच महिना झालाय, वैशू. मनावर घेतलं तर होतं सगळं.’’

नेमकी त्याच वेळी लाइट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद. माझं वाक्य तेवढं चालू राहिलं आणि ओसरीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. वैशाली मान खाली घालून बाहीतून हात सोडवत राहिली.

थोड्या वेळानं मामा दारात आले. हळू आवाजात म्हणाले, ‘‘चला, तुमाला गाडीत बसवून देतो.’’ माझी गाडी पाचची होती. वाजले होते तीन.

बसस्थानकाच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं.

‘‘वैशाली झाली तवा मी औशाला गेल्तो, माझ्या सासुरवाडीला,’’ ते म्हणाले. ‘‘समदे रानात. मागच्या दारानं गेलो, आवाज न करता. ही झोपल्ती. खांद्याला हात लावलो, तर दचकून उठली अन् हात जोडली माझ्यापुढं. टाके हायेत म्हनली. बापू, आपल्या बायकूनं आपल्याला हात जोडावं! अन् मी काय केलो? रुसलो. तसाच माघारी आलो. तीन महिने लेकीचं तोंड बगायला गेलो न्हाई.’’

समोर एक गाडी लागली आणि निघूनही गेली. ती कुठली, हे मामांनी बघितलंसुद्धा नाही.

‘‘आजबी ती आडवी असली अन् मी खोलीत गेलो की उठून बसती. अठ्ठावीस साल झाले. म्हनून वरडत असतो मी. दुरूनच कळावं तिला, कोन यायलंय ते. आता तुमच्यासाटीबी वरडतो, लेकीला कळावं म्हनून.’’ त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. ‘‘पर ती उठतीच बगा.’’

मला ऑफिसातलं ते हसणं आठवलं आणि त्यांच्याकडं बघायचा धीर होईना. पाचची गाडी मी सोडली. ‘‘तुमी जा घराकडं, मी बसतो हितंच जरा,’’ मामा म्हणाले.

वैशाली बाजेवर बसून मुलीला पाजत होती. मी खाली जमिनीवर बसलो. ‘‘चुकलं माझं,’’ म्हटलं. मुलगी पिता पिता झोपली, तिला तिनं अलगद शेजारी ठेवलं. तिचे स्वतःचे डोळे मिटत होते, मान कलंडत होती. तरी ती ताठ बसून राहिली. बऱ्याच वेळानं, घाबरत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, ‘‘अहो, मी थोडी झोपू का?’’