अळूवड्या आणि घातक कचरा

मुलांनो, आपल्या शेजारचे मुजुमदार सर भाजी विकत घेत नाहीत, तिची उलटतपासणी घेतात. हा पालक कुठे वाढला, कुठल्या पाण्यावर, शेजारी कारखाना होता का? एकदा भाजीवाला शांतपणे म्हणाला, "बाबूजी, पालक है, इसका पासपोर्ट नी है." त्यावर सरांनी बाकीची गिऱ्हाइकं कंटाळून निघून जाईपर्यंत त्याला शिसं, कॅडमियम असले विषारी धातू समजावले. तेव्हापासून तो आमच्या गल्लीत मुकाट्याने शिरतो.

सर शेतकी कॉलेजात मातीचं रसायनशास्त्र शिकवायचे. ते निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थी सुटले आणि आम्ही सापडलो. इथे इंदूरच्या छत्रीबागेत आमच्या घरांच्या मागून खान नदी वाहते. नदी म्हणायचं ते वाडवडिलांच्या आदरापोटी. शहराने तिच्यात जे जे सोडलं ते आमच्या परसांतल्या मातीत मुरलं, असं सरांचं म्हणणं. पंचाईत ही, की ते खरं आहे.

"वहिनी, मूळ भोळं असतं," ते मला कुंपणावरून सांगतात. "जस्त आणि कॅडमियम चुलतभाऊ. रोपाला हवं असतं जस्त, पण ते दोघांनाही या, बसा म्हणतं. कॅडमियम थेट वर पानात जाऊन मुक्काम ठोकतं. पान हिरवंगार! धुवा, उकळा, ते काही हलत नाही."

असे पाहुणे मीही पाहिले आहेत, पण म्हणून कोणी जेवण सोडत नाही. स्नेहलतागंजातल्या एका लग्नात सर पालक-पनीरच्या भांड्यापाशी उभे राहिले आणि रांगेतल्या प्रत्येकाला सावध करू लागले. त्या घरच्या पुढच्या लग्नाची पत्रिका फक्त मला आली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मग ते गणपती आले. सरांची मुलगी मीनल बंगलोरहून आली होती, चार वर्षांच्या ओवीला घेऊन. सरांच्या मागल्या परसात, अगदी नदीच्या अंगाला, अळू माजलं होतं. ते मीनलच्या आईने लावलेलं. ती गेल्यावरही ते वाढतच राहिलं, कोणी न विचारता. मीनलने ती पानं खुडली आणि आईसारख्या वड्या केल्या. ओवीने एक तोंडाशी नेली, तेवढ्यात सर आले. त्यांनी तिच्या हातातली वडी काढून घेतली आणि ताटही उचललं.

आता इंदूरचा माणूस कचरा नुसता टाकत नाही, वेगवेगळा करून टाकतो. दारात नगर निगमची कचरागाडी उभीच होती. गाडीवरचा म्हणाला, "सर, ये तो गीला है." सर म्हणाले, "नहीं, घातक." आणि पोरीच्या आजीच्या अळूच्या वड्या बाद झालेल्या बॅटऱ्यांच्या डब्यात गेल्या. सगळी गल्ली बघत होती. अर्थात मीही.

मीनल दुसऱ्या दिवशी परत गेली. पुढच्या गणपतीला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

सरांनी काय केलं? माफी मागितली नाही. परसात मोहरी लावली. मोहरी म्हणे जमिनीतले धातू ओढून घेते. तिचं एकही पान त्यांनी कोणाला खाऊ दिलं नाही, गाईलाही नाही. ती उपटून वाळवायची आणि पुन्हा त्या कचरागाडीवाल्याशी घातकच्या डब्यावरून वाद घालायचा. गल्लीला फुकटची करमणूक. अळूचे कंद मात्र त्यांनी खणून, धुऊन गच्चीवर नेले. देपालपूरहून पोत्यांनी माती आणवली, तपासून घेतली, पिंपांत भरली आणि नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर ते अळू वाढवलं. पानं दोनदा तपासायला पाठवली. मी म्हटलं, सर, तोवर ओवीचं लग्न होईल. ते हसले नाहीत.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी ते माझ्या दारात आले, हातात अळूची जुडी.

"वहिनी, मीनल येतेय. हिची वडी कशी करायची असते? तिच्या आईसारखी हवी."

या माणसाला पानात कॅडमियम कसं शिरतं हे ठाऊक, पण पानाला बेसन कुठल्या बाजूने लावतात हे नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकवलं. चिंच, गूळ, घट्ट वळकटी. पहिल्या दोन उलगडल्या. तिसरी जमली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मीही होते. सरांनी स्वतः वड्या वाढल्या. मीनल ताटाकडे बघत राहिली. ओवी आता चांगली मोठी झाली आहे. तिने आजोबांकडे पाहिलं आणि साधं विचारलं, "नाना, खाऊ की तुम्ही फेकणार?"

मला वाटलं, आता जस्त येणार, चुलतभाऊ येणार. पण सरांनी तिच्या ताटातली एक वडी उचलून खाल्ली. ज्या माणसाला मी इतक्या वर्षांत हिरवं पान खाताना पाहिलं नव्हतं, तो सावकाश चावत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"तिखट झाली का, बाबा?" मीनलने विचारलं. आवाज अगदी तिच्या आईचा.

"नाही," सर म्हणाले. "खा. मी खाल्लीय."