परतीचा साचा

कांबळेकाकांना साधी बातमी सरळ सांगता यायची नाही. बेलवलीत ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि फावल्या वेळात कथा लिहायचे. अंबरनाथच्या कारखान्यात ओतकामाचे साचे बनवून बनवून त्यांचं ठाम मत झालं होतं, की गोष्टींचेही साचे ठरलेले असतात. "आपण फक्त माणूस नवा ओतायचा. साचा जुनाच."

एकदा म्हात्र्यांची म्हैस हरवली, ती बातमी काकांनी शोकांतिकेच्या साच्यात सांगितली. आम्ही चेहरे पाडून म्हात्र्यांकडे गेलो, तर म्हैस दारात रवंथ करतेय आणि म्हात्रे घाबरून विचारतायत, "कोन गेला रं?" काकांना जाब विचारला, तर म्हणाले, "सापडली हे खरंय. पण साच्यात बसत नव्हतं."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण काकांचा मुलगा मिलिंद भांडून घरातून गेला. कारखान्यात चिकटायचं की शिलाई शिकायची, यावरून. गेला तोही कुठे, तर उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका सिंधी शेटच्या शिलाईच्या दुकानात. इथून दोन स्टेशनं. काकांनी त्याला लगेच प्रवासाचा साचा लावला. नायक घर सोडतो, ठेचकाळतो, शहाणा होतो आणि आपल्या पायांनी परततो.

"मी आणायला गेलो तर गोष्ट बिघडेल," ते म्हणायचे.

"बिघडू द्या की," काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या. "पोरगं आणा."

काकांच्या खात्रीमुळे मीही गोंधळलो आणि मिलिंद शहाणा व्हायची वाट बघू लागलो. बुद्धपौर्णिमेची खीर झाली, पावसाळा सरला. नायक येईना.

एका सुट्टीच्या दिवशी काका माझ्याकडे आले. "काय रे, बापच निघतो, असा एखादा साचा असतो का?"

मला काय डोंबल ठाऊक? पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. "असतो की," मी म्हटलं. ते मलाच घेऊन निघाले.

दुकानात मिलिंद मान खाली घालून कापड कापत होता. शेटने विचारलं, "बोलो अंकल, क्या चाहिए?"

काकांना सुरुवातच सुचेना. शेवटी म्हणाले, "पँट शिवायची है."

मिलिंदने वर पाहिलं. टेप घेऊन आला. काकांनी हात वर केले. त्याने कमरेभोवती टेप धरला, आकडा पाहिला, पुन्हा धरला.

"बाबा, किती बारीक झालात."

"टेप खोटा असेल तुझा," काका म्हणाले. माप घेऊन झालं, तरी ते हात वर करूनच उभे होते.