तीन नंबरचा खबऱ्या

बराकीच्या कुंपणालगतची जमीन म्हणजे तांबडा दगडच. तिथं सेन्सर पुरायचं काम सार्जंट ओडोंगकाराच्या गळ्यात पडलं होतं. जवान या सेन्सरांना खबरे म्हणत. आकारानं रताळ्याएवढे, रंगानं मातकट. जवळ पाऊल वाजलं की पाण्याच्या टाकीवरच्या अँटेनाला एवढासा संदेश धाडायचे, की बराकीतला भोंगा त्या खबऱ्याचा नंबर ओरडायचा. संदेश पार तालुक्याच्या गावाहूनही पोचायचा, आणि एक सेल वर्षानुवर्षं पुरायचा. दोन खबरे पुरून सार्जंटची कंबर धरली. तिसऱ्याच्या वेळी त्याची नजर बायकोच्या वरंब्यांवर गेली. बराकीतल्या बायका कुंपणालगत रताळी लावतात. नियमात ते बसत नाही, पण ते थांबवायची छाती आजवर एकाही अधिकाऱ्याला झालेली नाही.

"इथं पुरला तर शत्रूला काय कळतंय!" सार्जंट म्हणाला.

शत्रूला कळलं नाही. बायकोलाही कळलं नाही.

काही महिन्यांनी ब्रिगेडियर तुमुहिंबिसे या यंत्रणेच्या पाहणीला आले. "चाललं तर ठीक, सार्जंट. नाहीतर तुझी बदली उत्तरेच्या चौकीवर."

त्या चौकीवर पाणी टँकरनं यायचं, तेही टँकरच्या मनात आलं तर. बायको लालाम हिनं आधीच बजावलं होतं, "लाकेरचे बाबा, तिकडं गेलात तर एकटे जा. जिथं रताळं उगवत नाही तिथं मी संसार मांडणार नाही."

एक जवान शत्रू होऊन वरंब्यांच्या बाजूनं कुंपणाशी सरपटला. भोंगा गप्प. जवान उठून नाचला. भोंगा तरी गप्प. जवान घाम पुसत सावलीला येऊन बसला, तेव्हा भोंगा केकाटला, 'तीन नंबर! तीन नंबर!' सगळे बंदुका घेऊन धावले. तीन नंबरला एक कोंबडी होती.

"शत्रू घरी जाऊन जेवायला बसल्यावर ओरडतंय हे," ब्रिगेडियर म्हणाले. "मी परत येईन. न सांगता."

ते गाडीत बसले. पाहुण्याला रिकाम्या हातानं धाडायची रीत नाही, म्हणून लालामनं सकाळीच खणलेल्या रताळ्यांचं पोतं मघाशीच डिकीत टाकलं होतं. गाडी निघाली, तसा भोंगा पुन्हा सुरू झाला.

सार्जंटच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "लालाम! रताळी कुठली खणलीस?"

"कुंपणाकडची. एक मेलं फारच टणक होतं."

"ते परत माग!"

"दिलेली भेट परत मागू? लाज आहे की विकून खाल्ली?"

सार्जंटनं भोंग्याची तार काढली आणि यंत्रणेच्या पडद्यापुढं डोकं धरून बसला. गाडी लांब जाईल तशी पडद्यावरची तीन नंबरच्या सिग्नलची पट्टी बारीक होत गेली, पण विझली नाही. रताळी ब्रिगेडियरांच्या घरी शिजून संपली असतील, तरी गाडी हलली की तीन नंबर बोलायचा. खबऱ्या डिकीतच घरंगळत राहिला होता.

एका सकाळी पट्टी जाड होऊ लागली. मग आणखी जाड. सार्जंटनं चहाचं आधण ठेवायला सांगितलं आणि बूट पुसले.

ब्रिगेडियरांची गाडी फाटकाशी आली तेव्हा फाटक उघडं होतं, जवान रांगेत होते आणि चहा वाफाळत होता.

"मी येणार हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं!"

"यंत्रणेला होतं, साहेब."

खोटं बोलल्याचं पाप नको, म्हणून सार्जंट त्यापुढं काही बोलला नाही. ब्रिगेडियरांनी त्याला मिठीच मारली. "असा माणूस इथं कुजवायचा? तुला बढती! ही यंत्रणा खरी हवी ती उत्तरेच्या चौकीवर. सोमवारी निघ."

सार्जंट घरी आला तो मेल्यासारखा. त्यानं सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसला. लालाम विळा घेऊन कुंपणाकडं गेली आणि रताळ्याच्या वेलांची मोळी बांधून आली.

"बघतेच, तिकडं कशी उगवत नाहीत ती," ती म्हणाली. "पण लाकेरचे बाबा, तिथं खबरे दगडात पुरायचे. माझ्या वरंब्याला हात लावलात तर याद राखा."