एकशे बारा दाखले

रकाना एक: पद. सध्या सहयोगी प्राध्यापक, आंतरराष्ट्रीय विकास आणि सामाजिक धोरण. लवकरच प्राध्यापक! (हे अर्जात लिहिलं नाही. तुम्हाला म्हणून सांगतो.)

दोनदा नाकारलं होतं मला. तिसरी खेप शेवटची, मग थेट निवृत्ती. पण यंदा हुकमाचा पत्ता माझ्या हातात होता. माझ्या एकाच शोधनिबंधाचा जगभरच्या संशोधकांनी एकशे बारा वेळा दाखला दिला होता! विभागप्रमुखांचे जन्मभराचे मिळून एकोणीस! मी दिवसातून आठ वेळा तो आकडा बघायचो, दूध उतू जाईल म्हणून पातेल्यापाशी उभं राहावं तसा.

रकाना चार: दाखल्यांच्या प्रती जोडा.

जोडल्या! एकशे बारा पानं छापली. कॉलेजात शिकणारी माझी मुलगी पिवळा मार्कर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली.

"बाबा, वाचायचं पण का?"

"छे! माझं नाव दिसलं की रंगव. वाचायला समिती आहे."

"अहो, तुम्ही तरी वाचलंत का?" बायको.

"स्वतःची स्तुती काय वाचायची!"

रकाना सात: संशोधनाचा धोरणांवर झालेला परिणाम. इथे मी एकच शब्द लिहिला. विपुल.

मुलाखतीचा दिवस. समितीच्या दाराबाहेर मी बसलो. उठलो. बसलो. खुर्चीला खिळा असल्यासारखा पुन्हा उठलो. शिपाई आत चहा देऊन बाहेर आला.

"सर, आत तुमचंच वाचन चाललंय. अध्यक्षबाई चष्मा काढून डोळे पुसतायत!"

गरिबीवर लिहितो मी. डोळे भरणारच!

बसलो. उठलो. हाताला चाळा म्हणून गठ्ठ्याची दुसरी प्रत उघडली.

पहिलं पान. पिवळ्या पट्ट्यात माझं नाव, आणि पुढे: 'यांनी केली तशी पाहणी कोणीही करू नये.'

दुसरं पान: 'चुकीच्या पद्धतीचा आदर्श नमुना.'

सदतिसाव्या पानावर तर माझी चूक चित्र काढून समजावली होती.

आता निबंधाबद्दल सांगायलाच हवं. नोकरदार बायकांना पाळणाघरं लागतात का, हे मी घरोघर जाऊन विचारलं होतं. कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता! ज्या बायका भेटल्या, त्यांतल्या शंभरात चौऱ्याण्णव म्हणाल्या, "आम्ही घरीच असतो." निष्कर्ष: पाळणाघरांची गरज नाही. आणि ज्या घरांना कुलूप होतं, ती मी 'प्रतिसाद नाही' म्हणून वगळली होती. माझी स्वतःची बायको तेव्हाही आठलाच कुलूप लावून प्रयोगशाळेत जायची हो!

मी शिपायाचा हातच धरला. "दादा, आतला गठ्ठा बाहेर आणा. पानांचे क्रमांक चुकलेत म्हणा, काहीही म्हणा!"

तो गेला. आत हशा. तो परतला, रिकाम्या हातांनी.

"क्रमांक राहू द्या म्हणाले. आणखी प्रती आहेत का, असं विचारतायत. प्रत्येकाला हवीय."

आणि मला आत बोलावलं.

"सदतिसावं पान तुम्ही स्वतः रंगवलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मुलीने."

"गुणी आहे. आता नव्वदावं बघा. तुमची चूक वाचून तीन देशांनी कुलूपबंद घरं मोजायला घेतली, आणि मग चार हजार पाळणाघरं उघडली. बाकीच्या उमेदवारांच्या रकाना सातमध्ये काय आहे, ठाऊक आहे? काही नाही!"

"पण बाई, मी तर उलटं—"

"अर्जात परिणाम विचारलाय. कोणत्या बाजूचा, ते विचारलेलं नाही."

झालो! प्राध्यापक झालो! नेमणुकीचं पत्र घरी उभं राहून मोठ्याने वाचलं. दुसरा परिच्छेद मात्र हळूच वाचला. अट एकच होती: निवृत्तीपर्यंत कोणतीही नवी पाहणी हाती घेऊ नये.

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली. बायकोने पत्र माझ्या हातून घेतलं, अट दोनदा वाचली, आणि माझ्यासमोर पेन ठेवलं.

"करा सही. जगाचं दुसऱ्यांदा भलं होतंय तुमच्या हातून!"