प्राचार्य निळे पडले

मी दगडालाही इतिहास शिकवू शकते, असं मी स्टाफरूममध्ये नेहमी सांगते. दगडाला तो शिकवावाच लागत नाही, त्याला आधीच येतो, असं आमच्या वन्संचं म्हणणं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी ज्या कॉलेजात इतिहास शिकवते, तिथेच ती रसायनशास्त्र शिकवते. घरी ती मला वहिनी म्हणते, कॉलेजात मॅडम. मी तिला घरी मुद्दाम अहो-जाहो करते, म्हणजे भांडताना तोल सुटत नाही. आमचे हे दोघींच्या मध्ये सापडले की टेबल टेनिसच्या जाळीसारखे उभे राहतात. चेंडू कुणाचाही असो, लागतो त्यांनाच.

तर आमचं कॉलेज लिबरल आर्ट्सचं. म्हणजे इथली मुलं सकाळी खगोलशास्त्र शिकतात, दुपारी नाटक शिकतात आणि संध्याकाळी आईवडिलांना फोन करून नोकरी नक्की मिळेल असं समजावतात. या सगळ्यात इतिहासाकडे येणारी मुलं दर वर्षी कमी होत चालली होती. शेवटी प्राचार्यांनी फर्मान काढलं. इतिहास एकटा चालत नाही, त्याला कुणाचा तरी हात धरू द्या. प्रत्येक पेपर दुसऱ्या एखाद्या विषयातून शिकवायचा. वर्षअखेरीला तपासणी समिती येईल, तिला हे पटलं तर ठीक. नाही पटलं, तर इतिहास विभाग बंद, आणि मी सामान्यज्ञानाचा तास घेणार. आठवड्यातून एकदा, तोही ऐच्छिक.

मी वर्गातून स्टाफरूममध्ये पोचेपर्यंत आमच्या विभागातल्या इतरांनी सगळे विषय पळवले होते. कुणी गणितवाल्यांबरोबर कॅलेंडरांचा इतिहास घेतला, कुणी संगीतवाल्यांबरोबर रणवाद्यांचा, कुणी भूगोलवाल्यांबरोबर नद्यांचा. बसमध्ये मागच्या बाकावरची मधली जागा उरावी, तसं एकटं रसायनशास्त्र उरलं होतं. तिथे वन्सं बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघून गोड हसत होत्या.

विषय मी सुचवला, निळा रंग. एका रंगाचा इतिहास. तो कुठल्या झाडात सापडला, कुणी पिकवला, कुणी गलबतं भरभरून नेला, कुणी त्यापायी मार खाल्ला. वन्संना विषय आवडला, हे मला त्यांनी तो नाकारला नाही यावरून कळलं. पण त्यांचं म्हणणं होतं की प्रयोगशाळेत एक पूड आहे, ती पाण्यात घालायची, तिच्या जोडीला दुसरी घालायची, चहा होईपर्यंत नीळ तयार.

मी म्हटलं, "इतिहास पाकिटातून येत नाही, वन्सं. जुन्या लोकांनी केली तशीच करायची. आंबवून."

त्यांनी आधी उठून खिडकी उघडली. मग म्हणाल्या, "वास येईल."

"इतिहासाला वास असायचाच," मी म्हटलं. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या दिवशी वर्गातही म्हटलं.

झाकणाचं मोठं पिंप आणलं. त्यात झाडाची नीळ, धान्याचा कोंडा, चुना, फळवाल्यानं फेकायला काढलेली फळं आणि कोमट पाणी घातलं. हे मिश्रण सतत उबेत ठेवावं लागतं, म्हणून ह्यांचं ब्लँकेट पिंपाला गुंडाळलं. कॉलेजात कायम उबदार अशी एकच खोली होती, झेरॉक्सची. मशीन दिवसभर तापलेलं असतं. ती प्राचार्यांच्या केबिनला लागूनच, म्हणून मी त्यांना रीतसर विचारलं की झेरॉक्सच्या खोलीत थोडी नीळ ठेवू का. त्यांच्या डोळ्यांसमोर कपड्यांना घालतात ती चिमूटभर नीळ आली. त्यात विचारायचं काय, ठेवा की, म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर पिंप होतं.

आधी ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला. मग गोठ्यासारखा. त्यानंतर गोठ्यातल्या जनावरांनीही नाक मुरडावं, असा. मला मात्र काही जाणवत नव्हतं. आपला तो बाब्या म्हणतात, ते वासालाही लागू आहे. मी रोज जाऊन पिंपाचं झाकण उचलून बघायची, फेसावर तांबूस झळाळी आली की खूश व्हायची, आणि तशीच घरी जायची. आमचे हे उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला लागले, तर मला वाटलं मी घोरत असेन.

प्राचार्यांची खात्री झाली की भिंतीत उंदीर मेलाय. त्यांनी कीटकनाशकवाला बोलावला. त्यानं केबिनमधली कपाटं हलवली आणि बिल ठेवून गेला. मग प्लंबर आला, त्यानं जे तुंबलेलं नव्हतं ते तुंबवून ठेवलं. प्राचार्य खिडकीत खुर्ची ओढून, मान बाहेर काढून फायली वाचायला लागले. मी त्यांना जाऊन स्वच्छ सांगितलं की सर, तो वास माझ्या निळीचा असेल. ते दमलेल्या आवाजात म्हणाले की त्यांची आई रोज कपड्यांना नीळ घालायची, नीळ असा वास मारत नाही. आता आईच मध्ये आली म्हटल्यावर मी काय बोलणार?

वन्संनी दोनदा येऊन पिंप बघितलं. नाकाला रुमाल लावून त्यांनी कागदाची पट्टी बुडवली आणि नाइलाजानं म्हणाल्या की छान मुरलंय. मला मात्र बजावलं की पाणी बुडाशी पिवळसर-हिरवं असेल, त्याला फसू नका, त्यात हात घालू नका. हवा लागली की ते निळं होतं, आणि मग ते निघत नाही. ही सूचना मी वर्गातल्या प्रत्येकाला दिली. प्राचार्य माझ्या वर्गात नव्हते.

समिती यायची ती सकाळ उजाडली. आमचं प्रात्यक्षिक जेवणानंतर होतं, म्हणून मी वर्गात मुलांची उजळणी घेत होते. इकडे प्राचार्यांनी उंदराचा शेवटचा शोध सुरू केला. पुढचं मला त्यांच्या हेडक्लार्ककडून कळलं. वासाचा माग काढत साहेब झेरॉक्सच्या खोलीत शिरले, तर कोपऱ्यात ब्लँकेट पांघरून काहीतरी बसलेलं. त्यांनी ब्लँकेट काढलं, झाकण उघडलं, आणि त्यांना वाटलं की सापडला. उंदीर पाण्यात पडून मेलाय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. बाही कोपराच्या वर सरकवून त्यांनी हात आत घातला आणि तळ चाचपायला लागले.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. समिती वेळेच्या आधीच आली होती.

हात बाहेर आला तो नुसता पिवळट ओला दिसत होता. त्यांनी तो रुमालानं पुसला, त्याच रुमालानं घामेजलेलं कपाळ पुसलं, मिशी आणि ओठ पुसले, अंगावर सेंट मारून घेतला आणि धावत पायऱ्या उतरून समितीशी हात मिळवला. आधी अध्यक्षबाईंशी, मग दोन सदस्यांशी. जोरदार, दोन्ही हातांनी.

अध्यक्षबाई कडक होत्या. शिवाय पूर्वी हृदयरोगाच्या डॉक्टर होत्या. केबिनमध्ये सगळे बसले, आणि आमची संस्था म्हणजे विविध रंगांचा संगम आहे, असं प्राचार्य बोलायला लागले. बोलता बोलता त्यांची बोटं हिरवट झाली. नखं काळसर झाली. मग ओठ निळे पडायला लागले.

अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं की छातीत दुखतंय का. प्राचार्य म्हणाले की नाही, मी अगदी उत्तम आहे. त्या म्हणाल्या की सगळे असंच म्हणतात. मग त्यांनी प्राचार्यांना सोफ्यावर आडवं केलं, पाय उशीवर ठेवले आणि हेडक्लार्कला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. प्राचार्यांनी नाडी दाखवायला हात वर केला, तो स्वतःच्याच डोळ्यांसमोर आला. कोपरापर्यंत निळाशार. त्या क्षणापासून त्यांना खरोखरच धाप लागली.

इतक्यात एक सदस्य घाबऱ्या आवाजात म्हणाले की माझाही हात बघा. दुसऱ्या सदस्यांना काही बोलायची गरज नव्हती, कारण मघाशी हात मिळवून झाल्यावर त्यांनी टकलावरचा घाम पुसला होता आणि तिथे पाच निळी बोटं स्पष्ट उमटली होती. अध्यक्षबाईंनी आपला तळहात उलटा करून बघितला आणि मग जरा लांबच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. क्षणात बातमी पसरली की प्राचार्यांना संसर्गजन्य काहीतरी झालंय. व्हरांड्यात लोक एकमेकांना स्पर्श न करता पळत होते.

मला बोलावणं आलं ते समितीला मागच्या दारानं बाहेर काढायला. मागोमाग माझा अख्खा वर्गही आला, कारण तास सोडून जायचं म्हटलं की आमची मुलं फार शिस्तीत चालतात. मी केबिनच्या दारात पोचले आणि बघताक्षणी सगळं समजलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. विभाग गेला, पेपर गेला, आता सामान्यज्ञान. तेही ऐच्छिक.

तेवढ्यात मला कोपरानं बाजूला सारून वन्सं आत शिरल्या.

"हा आजार नाही," त्या म्हणाल्या. "हा आमचा पेपर आहे."

अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन पोचले होते, त्यांनाच वन्संनी पिंप उचलून आणायला सांगितलं. आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी ते आणलं. टेबलावरचा पांढरा रुमाल चिमट्यात धरून वन्संनी पाण्यात बुडवला, जरा थांबल्या आणि वर काढला. रुमाल पिवळा. बघता बघता कडेनं हिरवा व्हायला लागला, हिरवा मधोमध सरकला, आणि मग त्यातून निळा असा उमलत आला की केबिनमधले सगळे माना पुढे काढून बघायला लागले. प्राचार्यसुद्धा धाप विसरून कोपरावर उठून बघत होते. वन्संनी समजावलं की पाण्यात नीळ निराळ्या रूपात लपून असते, हवेतला प्राणवायू मिळाला की ती आपला खरा रंग दाखवते. अध्यक्षबाईंनी खुर्ची जवळ ओढली. वासासकट.

मग वन्सं माझ्याकडे वळल्या. समितीसमोर, सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "पुढचं वहिनी सांगतील."

कॉलेजात त्यांनी मला कधी वहिनी म्हटलं नव्हतं. मी डोळे पुसले, ते वासामुळे असं दाखवलं आणि सुरुवात केली. मी सांगितलं की हा रंग काढणाऱ्यांची वस्ती गावाबाहेर असायची, या वासामुळेच. त्यांना नाव विचारावं लागायचं नाही, हात बघितला की धंदा कळायचा. त्यांच्या हातचं कापड लोक अंगावर मिरवायचे, पण तो हात हातात घ्यायला तयार नसायचे.

वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीनं, जिनं सबंध वर्षात एकदाही तोंड उघडलं नव्हतं, तिनं सोफ्याकडे वळून विचारलं, "सर, मघाशी सगळे तुमच्यापासून लांब पळाले, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

प्राचार्यांनी आपल्या निळ्या हाताकडे बघितलं. "वाईट वाटलं," ते म्हणाले. आणि ते खरंच वाटलं होतं, हे सगळ्यांना दिसलं.

त्यानंतर तपासणी अशी उरलीच नाही. अँब्युलन्सवाल्यांनी आपापले रुमाल बुडवून घेतले. टकलावर बोटं उमटलेल्या सदस्यांनी मुलांबरोबर फोटो काढला. निघताना अध्यक्षबाईंनी निकाल सांगितला. इतिहास विभाग राहील, पेपर चालू राहील, असे आणखी काढा. फक्त यापुढे सगळ्याची देखरेख रसायनशास्त्राकडे असावी.

म्हणजे वन्संकडे. मी घरी येऊन हे ह्यांना सांगितलं, तर त्यांनी आधी उशी आतल्या खोलीत आणून ठेवली आणि मग सांत्वन केलं.

दुसऱ्या दिवशी वन्सं स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता साहेबीण झाल्यात, काहीतरी सुनावणार. त्या म्हणाल्या, "पुढच्या सत्राचा विषय तुम्हीच ठरवा, वहिनी. वास मी ठरवीन." मी मोठ्या मनानं कबूल केलं. पण विषय ठरवायची वेळच आली नाही. तो प्राचार्यांनी स्वतः ठरवून नोटीस बोर्डावर लावला, त्याच निळ्या हातानं. साबणाचा इतिहास. पारंपरिक पद्धतीनं, त्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या केबिनमध्ये.

मी त्यावर वाचायला घेतलंय. जुने लोक साबण करायला जनावरांची चरबी राखेच्या पाण्यात दिवसभर उकळत ठेवायचे. हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही.